बे बाई वर्गात जात नाहीत

डेक्लनच्या तासाला बे ओक-जू बाई खालच्या मजल्यावर शिक्षकांच्या खोलीत बसायच्या आणि पाकिटातली कॉफी ढवळत वरचा गोंधळ ऐकायच्या. बाक सरकल्याचा आवाज आला की त्यांना बरं वाटायचं. काहीतरी धाडकन पडलं की आणखी बरं वाटायचं.

खरं तर तेव्हा त्यांनी वर असायला हवं होतं. परदेशी शिक्षकाच्या तासाला इथला शिक्षक वर्गात हजर पाहिजे, असा नियमच आहे. परदेशी माणसाने इंग्रजी बोलायचं, इथल्याने मागे उभं राहून पोरांना धाकात ठेवायचं. बे बाई सुरुवातीला जात होत्या. मग एकदा परीक्षेच्या कामामुळे राहिलं, एकदा कुणा पालकाचा फोन आला, आणि तिसऱ्यांदा काहीच नव्हतं तरी त्या गेल्या नाहीत. आयर्लंडहून आलेला सव्वीस वर्षांचा पोरगा थोंग्योंग बंदरातल्या कोळ्यांच्या कार्ट्यांपुढे एकटा पडला, आणि बे बाईंच्या जिवाला कित्येक महिन्यांनी गार वाटलं.

“तुमचे जावईबापू आज छप्पर खाली आणतायत वाटतं,” गणिताच्या थाक बाई वर बोट दाखवून, डेक्लनच्या लाडांवरून चिडवत म्हणाल्या.

“आणू दे की. खाली तुम्हीच बसलाय,” बे बाई म्हणाल्या.

बे बाईंचं दुखणं सगळ्या शाळेला ठाऊक होतं. फक्त डेक्लनला सोडून. त्यांची आई बंदरावर कालवं फोडायची. बाईंनी इंग्रजी कॅसेटवर ऐकून शिकलेलं, टेप घासून घासून तुटेपर्यंत. शिक्षक भरतीची परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेल्या. इतकी वर्षं शिकवलं, अर्ध्या गावाला शिकवलं, पण इंग्रजी बोलणाऱ्या देशात पाऊल टाकायची वेळ कधी आली नाही. आणि हा आला तो जन्मतःच भाषा तोंडात घेऊन आला! ना त्याला पेपर तपासायचे, ना पालकांची बोलणी खायची. राहायला घर शाळेनेच दिलेलं. सकाळी फाटकावर पोरं बे बाईंना कमरेत वाकून नमस्कार करायची आणि लगेच पुढे पळत जाऊन डेक्लनच्या हातावर टाळी द्यायची. रोज सकाळी. तो नमस्कार बाईंना थोबाडीत मारल्यासारखा लागायचा.

एकदा तो त्यांना म्हणाला होता, “बे बाई, तुमचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं आहे.” मनापासून म्हणाला बिचारा. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. व्याकरण म्हणे! जेवणाऱ्याने वाढप्याचं कौतुक करावं तसं.

थाक बाईंनी तो टोमणा मारला त्याच दुपारी, वर डेक्लनचा तास चालू असतानाच, उपमुख्याध्यापक नाम सर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

“बाई, पुढच्या वर्षी याला ठेवायचं की जाऊ द्यायचं? तुमच्या हाताखाली आहे. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

बे बाईंचं उत्तर जिभेवर तयार होतं, पण लगेच दिलं तर मत्सर दिसेल.

“जरा बघून सांगते,” त्या शांतपणे म्हणाल्या.

“बघायचं काय? ऐकू येतंय की.” सरांनी वर पाहिलं. “पण बघा. आत्ताच बघून या.”

या शाळेत वर्ग कसा चाललाय ते कानांनीच ठरायचं. ज्याचा वर्ग चिडीचूप, तो मास्तर चांगला. त्या हिशोबाने बे बाई शाळेत अव्वल होत्या आणि डेक्लन कामातून गेलेला होता. त्या जिना चढल्या त्या पुरावा गोळा करायला. मनात वाक्यंही जुळवली होती: पोरं हाताबाहेर गेलीत, नुकसान पोरांचंच आहे, माझं वैयक्तिक काही नाही.

मागच्या दाराच्या काचेला त्यांनी डोळा लावला. आत मासळीबाजार होता. नुसता म्हणायला नव्हे. खरोखरच बाजार मांडला होता. बाक ओढून ओळी केलेल्या, त्यांवर कागदाचे मासे, जाकिटाची गुंडाळी करून केलेला ऑक्टोपस. पोरं गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. डेक्लन घामाघूम होऊन भिंतीला टेकला होता.

“धिस फिश ओल्ड!” एक पोरगा ओरडला.

“यू ओल्ड!”

बाईंनी कान टवकारले. अख्खा गोंधळ इंग्रजीत होता. मोडकं, लंगडं, काळ नाही, क्रियापद नाही, पण इंग्रजी! खालच्या मजल्यावरून तो नुसता गोंगाट ऐकू यायचा.

आणि मग त्यांना सो-दाम दिसली. प्यो सो-दाम, बाजारात मासे विकणाऱ्या बाईची मुलगी. तिचं तोंड उघडावं म्हणून बे बाईंनी काय काय केलं होतं! स्वतःची जेवणाची सुट्टी दिली, गोड बोलल्या, एकदा तर शेजारी बसून किंबापचा घास भरवायच्याच बाकी राहिल्या. पोरीने मान वर केली नव्हती. तीच सो-दाम आता एका हाताने कागदी मासा डोळा दिसेल असा नाचवत आणि दुसरा हात कमरेवर ठेवून थेट आपल्या आईच्या ठसक्यात गिऱ्हाइकाला झापत होती.

“नो! माय फिश न्यू! यू लुक आय! आय! यू नो लुक, यू गो!”

शिक्षिकेला आनंद व्हायला हवा होता. बे बाईंना झाला नाही. माझी पोरगी, त्यांना वाटलं. मी खपले, आणि बोलली याच्यापाशी.

तेवढ्यात कुणीतरी काचेकडे पाहिलं.

“बे बाई!”

एवढंच. बाक जागेवर गेले, मासे दप्तरात गेले. सो-दामचा हात कमरेवरून खाली आला. वर्ग असा गप्प झाला की बंदरावरच्या बोटीचा भोंगा आत ऐकू आला.

डेक्लन घाईने बाहेर आला.

“आलात! बरं झालं आलात. मला ही पोरं आवरत नाहीत, बाई. पहिल्या दिवसापासून आवरली नाहीत. गप्प बसवता येईना, म्हणून म्हटलं, ओरडा, पण इंग्रजीत ओरडा. याला काही शिकवणं म्हणतात का?” त्याने आतल्या शांत वर्गाकडे पाहिलं. “आणि तुम्ही नुसत्या काचेत दिसलात! मला तुमचा हेवा वाटतो. खरंच. तुम्ही येईनाशा झालात तेव्हाच मी समजलो, मी नापास झालोय.”

बे बाईंनी नुसतं “हो” म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याने स्वतःच मान पुढे केली होती.

“थांबा जरा,” असं म्हणून त्या आत गेल्या. सो-दामच्या बाकाजवळ वाकल्या आणि जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या,

“सो-दाम, मघाशी काय म्हणत होतीस गं? पुन्हा म्हण बघू.”

सो-दाम उठून उभी राहिली. कान लाल झालेले, नजर बाकावर.

“चुकले, बाई,” ती म्हणाली, आणि कमरेत वाकली.

बे बाई बाहेर आल्या. डेक्लन अजून तिथेच उभा होता.

“बाजार चालू द्या,” त्या म्हणाल्या आणि त्याचं उत्तर न ऐकताच जिना उतरल्या. त्यांचा त्याच्यावरचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. उलट वाढलाच होता, कारण आता त्याला नावं ठेवायलाही जागा उरली नव्हती.

“मग? जाऊ देऊ ना?” नाम सरांनी विचारलं.

“ठेवा.”

“ठेवू? अहो, मग निदान तुम्ही तरी उद्यापासून वर बसा. नियम आहे, बाई. मी आजवर काही बोललो नाही, पण—”

“नियम ठाऊक आहे मला. पण मी नाही जाणार.” बाई आपल्या खुर्चीत टेकल्या. “मी गेले की पोरं गप्प बसतात, सर.”

नाम सर खूष होऊन हसले. “त्यालाच तर शिस्त म्हणतात!”

बे बाईंनी कप तोंडाला लावला. कॉफी गार झाली होती. वर पुन्हा बाक सरकले, पुन्हा गलका सुरू झाला. त्यातून एक आवाज वेगळा काढायचा त्या कितीतरी वेळ प्रयत्न करत राहिल्या. पण सो-दामचा आवाज त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकला होता. तो त्यांना ओळखता येईना.