स्वतःची वर्दी असलेला नट

"आपले हवालदार गेले," असा फोन वैशाखरे गावातून आला, तेव्हा कोण ते विचारावं लागलं नाही. बाळाराम पोलिसात कधीच नव्हता. नाटक-सिनेमांत मिळून त्यानं उभा जन्म हवालदार केला, एवढंच. शोकसभेच्या फलकावरही तो वर्दीतच होता, आणि एका पुढाऱ्यानं तर त्याच्या पोलीस खात्यातल्या सेवेला अभिवादन केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या...

मुरबाडच्या आमच्या नाटक मंडळात तो बापाच्या भूमिका करायचा आणि मी विंगेतून वाक्यं सांगायचो; त्याला कधी सांगावी लागली नाहीत. पुढे तो मुंबईत कामं शोधू लागला. पहिल्याच सिनेमात हवालदार मिळाला, पण कपडेपटातली वर्दी पोटावर बसेना. म्हणून त्यानं मुरबाडच्या शिंप्याकडून आपल्या मापाची शिवून घेतली. मोठी हुशारी केली असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. झालं असं, की स्वतःची वर्दी घेऊन येणारा नट निर्मात्यांना फार आवडू लागला. फोन यायचा तो एवढाच : "काका, ड्रेस घेऊन या." नाटकांतही तेच. पोट सुटलं की शिंपी शिवण उसवून वर्दी वाढवून द्यायचा. भूमिका मात्र वाढली नाही. दार उघडायचं, "साहेब, पंचनामा झाला" म्हणायचं आणि बाजूला उभं राहायचं.

"फेकून दे ना ती," मी एकदा म्हटलं.

"आन मग मला बोलवंल कोण रे? तू?"

गेल्या वर्षी अखेर बापाची भूमिका आली. सासरची माणसं हवालदार घेऊन मुलीला न्यायला येतात आणि बाप तिला दारात अडवतो, पानभर भाषण. महिनाभर तो ते घोकत होता. चित्रीकरण शहापूरजवळच्या एका घरात होतं, म्हणून मीही बघायला गेलो. हवालदार करणारा नट आलाच नाही. दिग्दर्शकाचा सहायक बाळारामकडे आला. "काका, ड्रेस असेल ना? बापाला काय, दुसरा कोणीपण मिळेल."

ड्रेस होता. पिशवीत, घडी घालून. बाप करायला निघालेला माणूस वर्दी कशाला बरोबर घेतो... इतक्या वर्षांची सवय. डब्याशेजारी तीही आपोआप गेली होती. बाळारामनं मान डोलावली. "नाही" म्हणणारा हवालदार त्यानं कधी केलाच नव्हता. बापाचं काम दुसऱ्यानं केलं, कागदात डोकावत. बाळाराम त्याच्यामागे उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"ओ काका, तोंड बंद!" कुणीतरी ओरडलं.

परवा त्याच्या घरी गेलो. द्वारकावहिनी पडवीत तांदूळ पाखडत होत्या.

"काम गेलं तरी भाषण सोडलं नाय त्यांनी," त्या म्हणाल्या. "आजारी पडस्तोवर रोज दुपारी मला मुलगी करायचे."

"मग तुम्हाला पाठ असेल सगळं."

"माझं तेवढं. त्यांचं मी कुठं बोलले, भावजी?"

सूप खाली ठेवून, मान न उचलता त्या म्हणाल्या, "बाबा, मी निघते." आणि थांबल्या. मी काही बोलणार होतो, तर त्यांनी हातानं गप्प केलं. बराच वेळ गेला... पानभर भाषण होतं ते.

मग त्या म्हणाल्या, "बरं बाबा. नाय जात."

आणि पुन्हा सूप हातात घेतलं.