धसईच्या ओढ्यातलं सोनं

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मुरबाडची मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. म्हणजे खरं तर आम्हीच ती चालवत होतो. चढ आला की उतरा आणि ढकला. कल्याणपासून शेजारी बसलेले माझे मेहुणे विनायकराव मात्र खुशीत होते. धसईच्या ओढ्यातल्या वाळूत त्यांना पिवळा कण चमकताना दिसला होता. मी तपासून होकार दिला की ताईच्या पाटल्या मोडायच्या आणि दगड कुटायचं यंत्र आणायचं, असा त्यांचा बेत होता.

कोलारच्या खाणीवर माझी निम्मी हयात गेली. तिथे लोखंडी मुसळं रात्रंदिवस पाण्यात खडक कुटत. तो चिखल पारा फासलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायचा, पारा सोनं धरून ठेवी. मग पारा खरवडून भट्टीत उडवायचा. उरलेल्या गाळासाठी सायनाइडच्या टाक्या. एवढा खटाटोप करून गाडीभर दगडांतून चिमूटभर सोनं निघे. हे मी विनायकरावांना किती वेळा सांगितलं! त्यांच्या कानात ‘सोनं’ एवढाच शब्द शिरे.

मुरबाडहून बैलगाडीने हाडं खिळखिळी करून घेत धसई गाठली. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) पानात पडलं, तर विनायकराव जेवूही देईनात.

ओढ्यावर परातीत वाळू धुतली, पारा घातला, फडक्यातून पिळून पळीत तापवला. मोहरीएवढा पिवळा मणी उरला. सोनंच होतं. मी चिडलो. इकडच्या काळ्या कातळात सोनं कुठून येणार?

“आता बोला,” विनायकराव मणी मुठीत धरून म्हणाले.

सोनं येतं कुठून ते पाहायला आम्ही ओढ्याने वर गेलो. वळणावर काठचे दगड धुराने काळे पडले होते. तिथे गावकुसाबाहेरच्या वाडीतली एक बाई टोपलीत वाळू चाळत होती.

“काय शोधता, बाई?”

“सासूची नाकातली फुली. मेली तवा तोंडात ठेवली व्हती. राख इथंच सोडली.”

मी विनायकरावांकडे पाहिलं. त्यांना अजून उमगलं नव्हतं. मेलेल्याच्या तोंडात सोनं ठेवायचं हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण मसणवटीखालची वाळू उपसताना ते आठवेल तर शपथ!

“आता कशाला हवी?” त्यांनी विचारलं.

“सासरा आज-उद्याचा हाय. घरात दुसरं सोनं नाय. त्याच्या तोंडात काय ठेवू?”

विनायकरावांची मूठ बराच वेळ मिटलेलीच होती. शेवटी त्यांनी ती तिच्यापुढे उघडली. बाईने मणी तळहातावर घेतला आणि मला विचारलं, “ही आमचीच फुली ना?”

त्या वळणावर किती जणांची राख वाहून गेली असेल! कोलारात मी सोन्याच्या कसाचा खोटा निकाल कधी दिला नव्हता.

“तुमचीच,” मी म्हणालो.

परतताना मोटार अडली की विनायकराव न सांगता उतरत होते. त्यांना ऐकवायला वाटेत जमवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं, याचाही मला राग आला.

कल्याणला ताईने दार उघडलं. तिचे हात ओकेबोके होते. रोजच्या कटकटीला कंटाळून तिने पाटल्या रुमालात बांधूनच ठेवल्या होत्या. तिने तो रुमाल नवऱ्यापुढे धरला.

विनायकरावांनी गाठ सोडली आणि एकेक पाटली तिच्या हातात चढवली. घट्ट बसत होत्या. ताई “दुखतंय” म्हणाली, तरी ते थांबले नाहीत.