मायचं कुंकू आणि डोक्याचं मशीन

"नांदेडात मशीन आलंय. डोक्याला लावलं की म्हातारी माणसं व्यायाम सोडत न्हाईत म्हणे," असं मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, तेव्हा मी हसले होते. पण माझी माय खुब्याच्या ऑपरेशननंतर बसली ती बसलीच. हाडांचे डॉक्टर म्हणाले, चालल्या नाहीत तर अंथरुणाला खिळतील. ती चार दिवस चालायची, पाचव्या दिवशी बंद. "रानात जल्म गेला माझा. आता बिनकामाचं चालू का? खुळी हाय का मी?"

शेवटी तिला रेणापूरहून नांदेडला माझ्या घरी आणलं. आण्णा, माझे वडील, शेतीपायी मागंच राहिले.

मशीन म्हणजे काय, तर पट्ट्यात बसवलेले दोन ओले स्पंज. कपाळावर बांधायचे, थोडा वेळ बारीक करंट सोडायचा, मग चालायला लावायचं. मशीनच्या दवाखान्यातले डॉक्टर सरळ बोलले, "आम्ही अजून तपासूनच बघतोय. चालायची सवय टिकेल अशी आशा आहे, खात्री नाही."

पहिल्या दिवशी पट्टा बांधणारी मुलगी म्हणाली, "आजी, कपाळ स्वच्छ लागतं." मायनं कपाळावर हात धरला. मेणावर बसवलेलं रुपयाएवढं कुंकू. "मालक तिकडं एकलेच हायत. सवाष्णीचं कुंकू पुसतंय का कुणी?"

मला शाळा गाठायची होती. मी सदा घोड्यावर. "पुसल्यानं नवरे मरत असते तर गावात एक बी राहिला नसता," असं तोडून बोलले, तिचा हात बाजूला सारला आणि ओल्या कापसानं खसाखसा पुसून टाकलं. पट्टा सुटल्याबरोबर तिनं पिशवीतली डबी काढून आधी कुंकू लावलं, मग आण्णांना फोन. "जेवलात का?" एवढंच. रोज हेच चाललं, आणि रोज मीच पुसायचे.

पण खरं सांगते, ती चालायला लागली. मशीननं, का फोनवर आवाज ऐकून जिवात जीव यायचा म्हणून, देव जाणे. एका संध्याकाळी स्वतःच चपला घालून म्हणाली, "चल गं, एक चक्कर मारू." मला रडूच फुटलं.

शेवटच्या दिवशी सुट्टी होती, म्हणून निवांत बसून बघितलं. शेजारच्या खुर्चीत पट्टा बांधलेल्या आजींचं कुंकू जसंच्या तसं. स्पंज वर, दोन बाजूंना. मी मुलीला विचारलं. "स्पंजाखालचं तेवढं पुसलं तरी भागतं, मॅडम. तुम्हीच सगळं पुसत होता."

माय रेणापूरला परतली आणि आठ दिवसांत आण्णा गेले. सोयाबीनच्या रानात बसले ते उठलेच नाहीत. हृदयाचा जुना त्रास होता, गोळ्या चुकवायचे. मला सगळं कळतं. तरी भाकरी थापताना हात थांबतो माझा.

मायनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खाटेवर बसली ती आजतागायत. पोटऱ्या पार वाळून गेल्यात. परवा मी रेणापूरला गेले, तिचे पाय मांडीवर घेतले नि म्हणाले, "माय, नांदेडला चल ना परत. मशीन लावू. चालत होतीस की गं."



"ने की. आता पुसायला काय ऱ्हायलंय?"

असं म्हणून तिनं पाय लुगड्यात ओढून घेतले.