अकरा महिन्यांसाठी खोली

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. धुळ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नुकतीच कारकून म्हणून लागले होते. एका सोमवारी प्राचार्यांनी मला बोलावलं. समोरच्या खुर्चीत बारीक चणीची, पस्तिशीतली एक परदेशी बाई बसली होती. सुती सलवार-कुर्ता, पायात कापडी बूट, मांडीवर भलीमोठी पिशवी.

"या जपानहून आल्यात," प्राचार्य म्हणाले. "आपल्या अहिराणी बोलीचा अभ्यास करायचाय. अकरा महिने राहतील, एकट्याच. त्यांना खोली बघून द्या. तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला बरं पडेल."

मी हो म्हटलं. दोन दिवसांचं काम आहे असं वाटलं होतं.

मी त्यांना ताई म्हणू लागले. पुण्यात शिकलेलं मराठी त्या सावकाश, शब्द निवडत बोलायच्या. मुक्काम एसटी स्टँडजवळच्या लॉजवर होता. परदेशी माणसाला ठरलेल्या मुदतीत पोलिसांकडे राहता पत्ता नोंदवावा लागे आणि लॉजचा पत्ता चालणार नाही, असं तिथल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. हातात दहा दिवस होते. नाहीतर परत पुण्याला.

"लॉजवर कसं आहे?" मी विचारलं.

"संध्याकाळी कोणीतरी दार वाजवतं," ताई म्हणाल्या. "कोण आहे विचारलं की म्हणतात, पाणी हवं का. मी पाणी मागितलेलं नसतं."

पहिल्या चार दिवसांत आम्ही अकरा घरं पाहिली. एका ठिकाणी बाईंनी विचारलं, "मांस-मच्छी खाते का?" दुसरीकडे, "नवरा कुठे असतो?" नवरा नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडेच असं पाहिलं, जणू मी काही लपवून आणलं होतं. एकांनी भाडं तिप्पट सांगितलं. ताईंना शिष्यवृत्ती मिळायची आणि त्यातच खेड्यापाड्यांचा प्रवासही भागवायचा होता. सगळ्या घरांत मी पुढे होऊन बोलायची आणि बाहेर आल्यावर माझेच कान तापलेले असायचे. चोवीस वर्षं मी या गावात काढली होती. वडिलांच्या घरातून कॉलेजात आणि कॉलेजातून घरी. इथे एकट्या बाईला राहायला जागा आहे का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

पाचव्या दिवशी प्राचार्यांच्या ओळखीतला एक बंगला निघाला. आग्रा रोडच्या पलीकडची नवी कॉलनी. मालक साठीचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. बायको नाशिकला मुलाकडे असायची, अधूनमधून येऊन जायची. वरच्या मजल्यावर खोली, मोझॅकची फरशी, वेगळा जिना, वेगळं न्हाणीघर, भोवती कंपाउंडची भिंत. भाडंही आवाक्यातलं. माझा जीव भांड्यात पडला.

"छान आहे," ताई म्हणाल्या. "मी पुन्हा येईन. एकदा सकाळी, एकदा दिवेलागणीला."

बाहेर आल्यावर मी जरा चिडूनच म्हटलं, "ताई, आता आणखी काय बघायचं?"

"दुपारी सगळीच घरं चांगली दिसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जाऊन आल्या. दिवेलागणीला आम्ही दोघींनी जायचं ठरलं होतं. ग्रंथालयातून निघायला मला उशीर झाला. लॉजवर पोचले तर मॅनेजर म्हणाला, "त्या गेल्या. तासभर झाला. रिक्षा केली होती." तेवढ्यात सगळ्या रस्त्याचे दिवे गेले. मी मिळेल ती रिक्षा पकडली.

कॉलनीत रस्त्यावर एकही माणूस नव्हतं. निम्मे प्लॉट रिकामे, उरलेल्या घरांची दारं बंद. दिवसा हीच शांतता मला उच्चभ्रू वाटली होती. बंगल्याचं फाटक उघडं होतं. वरून भाऊंचा चढलेला आवाज आला. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

ताई हातात टॉर्च घेऊन खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. भाऊ दारात.

"बघा, बघा!" भाऊ मला म्हणाले. "ही बाई माझ्या घराची झडती घेते!"

ताईंनी टॉर्च भिंतीकडे वळवला. तिथे मोठा पडदा होता. आदल्या दिवशी मी तो नक्षीचा म्हणून वाखाणला होता. ताईंनी तो बाजूला केला. मागे दार होतं, आतल्या घरात उघडणारं.

"या बाजूला कडी नाही," ताई हळू म्हणाल्या. "त्या बाजूला आहे."

तरी मी म्हटलं, "भाऊ, इकडून एक कडी बसवून घेऊ. सुतार आम्ही आणतो."

वाटलं होतं ते म्हणतील, हो, त्यात काय. ते म्हणाले, "माझ्या दाराला भोकं पाडू देणार नाही. विश्वास नसेल तर वाट धरा. आणि या बाईला गावात कोण ठेवून घेतं तेच बघतो मी!"

आम्ही चालतच निघालो. हमरस्त्याला येईपर्यंत रिक्षा मिळाली नाही. ट्रकांचे झोत अंगावर येत होते. ताईंनी माझं कोपर धरलं होतं आणि त्यांचा हात गार पडला होता. तोवर मला वाटत होतं, ही बाई कशालाच भीत नाही.

"मी तुम्हाला तिथे ठेवून मोकळी होणार होते," मी म्हटलं.

"मीही पैसे देणार होते," त्या म्हणाल्या. "खोली खूप आवडली होती."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला धारेवर धरलं. चांगल्या माणसाचा अपमान केलात म्हणाले. आता तुम्हीच निस्तरा. चार दिवस उरले होते.

घरी आई म्हणाली, "तोंड पाडून बसू नको, दळण घेऊन ये." जुन्या गावात गल्लीबोळात एक गिरणी होती. ती एक विधवा बाई चालवायची. पन्नाशीच्या पुढची, भुवयांपर्यंत पीठ. सगळे तिला अक्का म्हणत. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडून मी तिला सहज सगळी हकीकत सांगितली. तिने माझ्या डब्यात पीठ भरता भरता वर बोट दाखवलं.

"मन्ही वरनी खोली रिकामी शे. आवाजमुळे कोनी ऱ्हात नही."

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आणि गिरणीच्या पायरीवर बसून राहिल्या. दुपारी बसल्या. दिवेलागणीलाही. दिवसभर बायका डबे घेऊन येत होत्या, नंबर लावून बसत होत्या, सासवांना शिव्या घालत होत्या, आणि तेही अस्सल अहिराणीत. संडास सामाईक होता, नळाला पाणी सकाळी तासभर, खोलीत बोट ठेवावं तिथे पीठ. भाडं बंगल्याच्या निम्म्याहून कमी. "आवाजात तुमचं रेकॉर्डिंग कसं होणार?" मी विचारलं.

"एक ते चार गिरणी बंद असते," त्या म्हणाल्या. तेही त्यांनी पाहून ठेवलं होतं. मग त्यांनी अक्काला आतून कडी बसवू का असं विचारलं. अक्काने कोनाड्यातली हातोडी काढून त्यांच्या हातात दिली.

पत्ता नोंदला गेला. मला वाटलं, सुटले. चौकशीसाठी पोलीस शिपाई गणवेशात गल्लीत येऊन गेला आणि तिथून नवंच सुरू झालं. ही बाई टेपवर काय भरते? हेर आहे. धर्म बदलायला आली आहे. एका बंगलेवाल्यानेच तसं सांगितलंय, असंही कुणी म्हणालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर ताईंजवळ बसले होते. खाली गलका झाला. खिडकीतून पाहिलं तर दहा-बाराजण गिरणीसमोर उभे होते. पुढच्याने हाक मारली, "अक्का, त्या बाईला खाली बोलाव!"

एकाएकी गिरणी थांबली. ताई उठल्या. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "जाऊ नका." त्यांनी टेपरेकॉर्डर उचलला आणि त्या जिना उतरू लागल्या. मग मलाही जावं लागलं.

अक्का उंबऱ्यावर हात कमरेवर ठेवून उभी होती. मागे डबेवाल्या बायका.

"हाई घर मन्हं शे," अक्का म्हणाली. "कोनले ठेवानं ते मी ठरावसू. तुम्हले काय पुसनं शे ते आठे पुसा, मन्हा समोर."

"टेपात काय आहे?" पुढचा म्हणाला.

ताईंनी पायरीवर टेप ठेवला आणि बटण दाबलं. खरखर झाली, मग एका म्हातारीचा आवाज आला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ कसं मळायचं, पाणी किती, मीठ केव्हा, ती सांगत होती, मध्येच खोकत होती. मागून एकजण म्हणाला, "हाई ते मन्ही मावशी!" दोघे-तिघे हसले. पुढचा हसला नाही. तो ताईंकडे बराच वेळ बघत राहिला.

"महिनाभर बघू," तो म्हणाला आणि गेला. त्याच्यामागे एकेक करून बाकीचे.

अक्काने पुन्हा पट्टा चढवला. मी जिन्यात बसून रडले.

तो महिना सोपा गेला नाही. खिडकीवर दोनदा दगड आला. ताई खेड्यावरून परतायच्या दिवशी दळणाला आलेली कुणीतरी बाई, कधी एक, कधी दुसरी, स्टँडपर्यंत जाऊन उभी राहायची. हे कुणी ठरवलं होतं ते मला आजही माहीत नाही. दोनाचे तीन महिने झाले आणि गल्लीतले लोक ताईंना सोडून पाण्याच्या नळावरून भांडू लागले. अकरा महिने पुरे करून, दोन पेट्या भरून कॅसेटी घेऊन त्या गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांची, आबांची, जळगावच्या एसटी डेपोला बदली झाली. घर तिकडे हललं. माझी नोकरी धुळ्यात. लग्न होईपर्यंत पोरीने एकटं राहायचं म्हणजे काय, यावर घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. शेवटी आबाच माझी ट्रंक खांद्यावर घेऊन गिरणीचा जिना चढले. ताईंची ती खोली पाहिली, खिडकीतून खाली वाकून गल्ली पाहिली. अक्का खालून ओरडली, "आबा, बठा. चहा ल्या."

आबा पायरीवर बसले. पिठाने पांढऱ्या झालेल्या कपातला चहा त्यांनी फुंकर घालून संपवला आणि जळगावची शेवटची गाडी केव्हा आहे ते विचारलं.