मागं राहिलीत, येतील

आमच्या अक्कांच्या वर्गाचा लीडर रांगेच्या शेवटी चालायचा. बाकी वर्गांचे लीडर छाती काढून पुढं, आणि अक्कांचा लीडर सगळ्यांच्या मागं, बहुधा कुणाचं तरी नाक पुसत किंवा कुणाची तुटकी चप्पल हातात घेऊन. शाळेत नवीन होते तेव्हा मला वाटलं, या पोराला शिक्षा झाली असावी. मी अक्कांना तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "पुढं काय गे, रस्ता असतो. तो कुणालापण दिसतो. मागं कोण राहिलं ते बघायला माणूस लागतं."

अक्का म्हणजे बंगळूरमधल्या शिवाजीनगरच्या बाजारामागच्या आमच्या छोट्या शाळेतल्या पाचवीच्या बाई. घराणं मराठी, पण या शहरात कधी आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. मी नागपूरची, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी इथं आलेली आणि हिंदी शिकवायला लागलेली. माझ्या दर वाक्यातल्या 'ॲक्च्युअली'ला त्या हसायच्या आणि त्यांच्या 'स्वल्प थांब गे'ला मी. पण स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे डबाही एकत्र आणि भांडणंही एकत्रच.

लीडर निवडायची त्यांची रीत जगावेगळी होती. मार्क बघायचे नाहीत, उंची बघायची नाही, हात वर करायला सांगायचं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की काही दिवस जाऊ द्यायच्या आणि मग एकेका मुलाला जवळ बोलावून कानात विचारायच्या, "तू उद्या आला नाहीस, तर पहिलं कुणाच्या लक्षात येईल?" ज्याचं नाव जास्त मुलं घेतील तो लीडर. त्यामुळे त्यांचे लीडर दिसायला अगदीच यथातथा असत. एकदा तर इतका अबोल मुलगा लीडर झाला की त्याची आई शाळेत येऊन म्हणाली, बाईंची काहीतरी गडबड झालीय.

शाळेच्या शेवटच्या वर्षी नाव आलं सेल्वीचं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची ही मुलगी. अंगानं काडी, आवाज मात्र बसच्या हॉर्नचा. वर्गात कोण उपाशी आलंय आणि कुणाला घरी मार बसलाय, हे तिला हजेरीच्या आधी ठाऊक असे.

त्या नोव्हेंबरात कर्नाटक राज्योत्सवाच्या संचलनात आमची जी शोभा झाली ती मी विसरणार नाही. आसपासच्या साऱ्या शाळा, मंचावर पाहुणे. आमचा लाल-पिवळा झेंडा सेल्वीच्या हातात दिला होता, कारण ती लीडर. लीडर म्हणून तो झेंडा घेऊन ती सरळ रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. आमची मुलं बिनझेंड्याची मंचासमोरून निघाली. निवेदकाचा गोंधळ उडाला आणि त्यानं भलत्याच शाळेचं नाव पुकारलं. सगळी पोरं गेल्यावर शेवटी सेल्वी आली. एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात बूट निघालेला एक रडका मुलगा. लोक खो खो हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि अक्का माझ्या शेजारी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

त्याच वर्षी आम्हाला नवीन हेडमॅडम आल्या होत्या. आता सेल्वीची आणि अक्कांची चांगलीच हजेरी घेतली जाणार, असं आम्ही धरून चाललो. हेडमॅडमनी सेल्वीला बोलावून कारण विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, झेंडा पुढं नेला असता तर हा मागं राहिला असता." परत येताना हेडमॅडम रांगेच्या शेवटी सेल्वीबरोबर चालत होत्या, आणि त्या मुलाचा बूट त्यांच्या हातात होता. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं. "बघितलंस गे? ही करील."

"काय करील?"

"शाळा वाचवील."

ही आशा मला चांगली ठाऊक होती, आणि तिचा मला रागही यायचा. शाळेत मुलं कमी कमी होत चालली होती. बंद पडणार, बंद पडणार असं मी आल्यापासून ऐकत होते. संस्थेचा प्रत्येक नवा सेक्रेटरी, वॉर्डातला प्रत्येक नवा पुढारी येऊन भाषण ठोकून गेला की अक्का म्हणायच्या, "हा करील." आणि मी विचारायची, "काय करील?" त्यांनी काहीही केलं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण अक्का नव्या माणसाकडे पुन्हा नव्यानं बघायच्या.

या वेळी निदान माणूस तरी खरा होता. शाळा सुटली की हेडमॅडम घरोघर मुलं मागत फिरायच्या, आणि गुडघे धरलेल्या आमच्या अक्का त्यांच्या मागं जिने चढायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "अक्का, मुलंच नाहीत तर तुम्ही आणणार कुठून?" त्या शांतपणे म्हणाल्या, "नाहीत कसं? मागं राहिलीत. येतील." काही आलीही. पण आली त्याहून जास्त इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमध्ये बसून निघून गेली.

मार्चमध्ये संस्थेनं शाळा बंद करायचं ठरवलं. मोठ्या रस्त्यापलीकडची शाळा मुलांना घेणार होती, शिक्षकांना नाही. हेडमॅडमची बदली संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेत झाली. मला दुसरीकडे नोकरी शोधायला सांगितलं आणि अक्कांना विश्रांती घ्यायला. मीटिंगमध्ये भांडून हेडमॅडम परत आल्या, टेबलावर दोन्ही हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "मी सगळं करून बघितलं." अक्कांनी आपला डबा उघडून त्यांच्यापुढं सरकवला. "सरी, बरं, आधी जेवा," एवढंच म्हणाल्या. इतकं लाचार मला कधीच वाटलं नव्हतं. राग काढायला समोर कुणी नव्हतं, आणि अक्कांवर तर आता तोही निघेना.

शेवटच्या दिवशी मुलांना नव्या शाळेत पोचवायचं होतं. हेडमॅडम आदल्याच आठवड्यात गेल्या होत्या. मी पुढं राहून गाड्या थांबवत होते. अक्कांना म्हटलं, तुम्ही येऊ नका, तर म्हणाल्या, "माझा वर्ग आहे गे." रस्त्याच्या मध्येच त्यांचा गुडघा अडकला. मी मागं वळेपर्यंत त्या हळूहळू अलीकडच्या फुटपाथवर परत गेल्या होत्या आणि तिथल्या बसस्टॉपवर टेकल्या होत्या. तिथूनच त्यांनी हात हलवून 'जा, जा' अशी खूण केली.

मुलं नव्या शाळेच्या फाटकातून आत गेली. सगळे झाले का, असं विचारून वॉचमन फाटक ओढायला लागला. सेल्वी मध्ये उभी राहिली. "नाही झाले. आमच्या टीचर मागं राहिल्यात."

वॉचमननं मला विचारलं, त्या टीचर इथं येणार आहेत का? मी नाही म्हटलं. सेल्वीला समजावलं, दटावलं. ती फाटकाची सळई धरून उभी. "येतील," म्हणाली. आतली घंटा झाली, एक बाई ओरडत आल्या, तरी हलेना.

शेवटी मी रस्ता ओलांडून अक्कांना आणायला गेले. दुसरं काय करणार? ऑटोवाल्यांच्या शिव्या खात, त्यांचा हात धरून, पावलापावलानं पलीकडे आणलं. अक्का फाटकाच्या आत एक पाऊल टाकून उभ्या राहिल्या. सेल्वीनं त्यांचा हात धरून वॉचमनला सांगितलं, "आता सगळे झाले," आणि ती वर्गाकडे पळाली. अक्का ते एक पाऊल मागं आल्या. फाटक लागलं.

आम्ही दोघी बाहेर उभ्या होतो. अक्कांनी डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले, आणि मला कोपरानं ढोसलं.

"बघितलंस गे? ही करील."

या वेळी मी त्यांना काय करील ते विचारलं नाही.