मालिकेच्या अंदाजात संपाचं वाक्य

जुन्या हेडफोनच्या स्पंजचा वास आला की मला ब्रिटनमधल्या कार्डिफच्या विद्यार्थी रेडिओची कोंदट खोली आठवते. अमेरिकेतल्या बेसबॉलचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, तोंडावर आले होते, आपापल्या विभागात पहिले आलेले दोन संघ भिडणार होते, आणि त्या मालिकेचा अंदाज मला लाइव्ह सांगायचा होता. एकाचं पिचिंग, म्हणजे चेंडूफेक, भक्कम, दुसऱ्याची बॅटिंग. पण दुसऱ्याच्या स्टेडियममधले खाणं विकणारे कामगार संपावर होते, आणि ते गाळून पुढे जाणं मला जमेना. माझ्याबरोबर कार्यक्रम करणारी मराठी मैत्रीण ब्रिटनमध्येच जन्मलेली. ती कुजबुजली, "अगं, जस्ट पिचिंगवर बोल ना! तू स्टुडंट व्हिसावर आहेस, वेडी, नसत्या भानगडीत पडू नकोस. नाहीतर 'काही लोक म्हणतात' असं म्हण." पण मी कामगार संघटनेची पत्रकं वाटणाऱ्या घरातली, आमच्याकडे खाली नाव नसलेलं पत्रक कुणी हातात धरत नसे. लाइव्ह असल्याचा लाल दिवा लागला. हातातला कागद घामाने मऊ झाला, व्हिसा गेला तर घरी काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं. अंदाज संपवून मी म्हणाले, मला मात्र तिथले संपावरचे कामगार जिंकायला हवेत, आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. तेवढ्यात मैत्रिणीने माइक ओढला आणि माझ्यापाठोपाठ स्वतःचंही पूर्ण नाव घेतलं. तिला व्हिसाची कसली भीती नव्हती, तरी तिचा आवाज माझ्याहून जास्त कापत होता. माझं बोलणं आता मला धड आठवत नाही. तिचा तो आवाज मात्र अजून ऐकू येतो.