शेवटच्या ओळीतलं नाव

बागेत गंधक मारायला लागले, की त्या वासाबरोबर मला माझं पहिलं गाणं आठवतं. तेव्हा मी दिंडोरीकडं द्राक्षाच्या छाटणीला जायचो. कात्रीच्या कचकच आवाजावर एकेक ओळ सुचत गेली. छाटलेल्या वेलीच्या काडीतून पाणी ठिबकतं, तिचं ते रडणं मी गाण्यात घातलं. भजनाच्या शेवटच्या ओळीत करणाऱ्याचं नाव घालायची आमच्यात रीत, तसं माझंही घातलं. मला सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून सातवी शिकलेल्या मावसभावाकडून वहीत उतरवून घेतलं. गावच्या सप्ताहात त्यानंच ते म्हटलं. मी मागं टाळ घेऊन शेवटच्या ओळीची वाट बघत बसलो होतो. ती आली, आणि तिच्यात त्याचं नाव! लोक माना डोलवत होते. नंतर देवळाबाहेर त्याला गाठलं, तर हसून म्हणतो कसा, "दादा, लिहिलं कोणी? तू तर नुसता बोलला. अन् तुझं नाव चालीत बसत नाय." ज्या नावानं आईनं मला हाक मारली, ते याच्या चालीत बसत नाय! त्याच वर्षी मी पुतणीच्या पाटीवर मुळाक्षरं गिरवली. आता नाव पहिल्याच ओळीत घालतो आणि सगळी यमकं त्यावरच बांधतो. काढायला गेलं तर गाणंच मोडेल. ते पहिलं मात्र गाव अजून त्याच्याच नावानं म्हणतं, आणि टाळ धरायला मला बोलावतं. मी जातो. शेवटची ओळ आली, की टाळ मांडीवर ठेवतो.